मान हलू द्या

डॉक्टरीणबाई पहिल्या भेटीत माणसाचं नाव विचारायच्या नाहीत. डोळे बघायच्या. पर्समधून पेनाएवढी टॉर्च काढायच्या आणि "वर बघा, आता माझ्या कानाकडे बघा," असं सांगत रीतसर तपासायच्या. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत माझा स्टुडिओ होता. जाहिरातीसाठी वस्तूंचे फोटो काढायचं माझं काम. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी बेदाण्याच्या पाकिटाचा फोटो काढत होते. त्यांनी माझ्या दोन्ही डोळ्यांत उजेड मारला, टॉर्च बंद केली आणि म्हणाल्या, "बाहुल्या छान मोठ्या होतात तुझ्या. फोटो चांगला येईल. ही अर्धी शेड मला भाड्याने देतेस का?"

एखादा माणूस इतक्या खात्रीने काही मागायला लागला की मला नाही म्हणता येत नाही. पुढच्याच आठवड्यात एका टेम्पोतून त्यांचं सामान आलं. लाकडी खोकी, एक लोखंडी स्टँड, डोळे तपासायची जुनी खुर्ची, भिंतीवर लावायचा अक्षरांचा तक्ता आणि कांद्याची एक गोणी.

कांद्याचं नंतर सांगते.

कॉलेज रोडला त्यांचं डोळ्यांचं हॉस्पिटल होतं. चांदवड, नांदगावपासून माणसं मोतीबिंदूसाठी त्यांच्याकडे यायची. नाशिकमधल्या कितीतरी म्हाताऱ्यांना दुसऱ्या दिवशी पट्टी सोडल्यावर पहिलं जे दिसलं, तो ह्यांचा चेहरा. मग एका सकाळी घरी चहात साखर घालताना चमचा कपाला लागून वाजला. उजवा हात थरथरत होता. त्यांनी कप खाली ठेवला, हॉस्पिटलला फोन करून त्या दिवशीची ऑपरेशन्स सहकाऱ्याकडे सोपवली आणि पुन्हा कधी हत्यार हातात घेतलं नाही.

"ऑपरेशन करताना कधी हात हलला नव्हता गं," त्या मला म्हणाल्या, "कोणी बोललंही नव्हतं. पण चमचा वाजला. मला तेवढं पुरे होतं."

हे त्यांनी मला 'घर बदललं' म्हणावं तितक्या सहज सांगितलं. पण पांढरा ॲप्रन त्यांनी सोडला नाही. त्या ॲप्रनच्या खिशात उजवा हात घालून त्या शेडभर फिरायच्या. नवीन माणसासमोर तो हात खिशातून बाहेर येत नसे. नमस्कारही त्या नुसती मान झुकवून करायच्या.

लाकडी खोक्यांतून निघाला तो कॅमेरा. पुढे भिंग, मागे धुरकट काच आणि मधे हार्मोनियमसारखा भाता. डोक्यावर काळं कापड घ्यायचं, त्या काचेवर माणूस उलटा दिसतो, त्याच्यावर फोकस करायचा. मग काचेच्या जागी तळहाताएवढी फिल्म बसवायची, निगेटिव्ह नाही, धुतल्यावर थेट चित्रच दिसणारी. फिल्म बसली की फोटो काढणाऱ्याला कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. समोरच्या माणसाने तेवढा वेळ जागचं हलायचं नाही. तो बोटभर जरी पुढे आला तरी डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात. एका माणसाला जेमतेम एकदोन फिल्म मिळायच्या. मी दिवसाला शेकड्याने फोटो काढणारी बाई. मला हा सगळा प्रकार बैलगाडीने मुंबईला जाण्यासारखा वाटायचा, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

"जा की तू विमानाने," त्या म्हणाल्या, "मला रस्ता बघायचाय."

समोर बसणाऱ्या प्रत्येकाला त्या पेशंट म्हणायच्या. "पुढचा पेशंट कोण?" असा पुकारा झाला की आमच्या शेडमध्ये चहा घेऊन येणारासुद्धा दचकायचा. कॅमेऱ्याच्या मागे अक्षरांचा तक्ता टांगलेला असे, नजरेला काहीतरी टेकायला हवं म्हणून. एकदा सिन्नरचे एक आजोबा खुर्चीत बसल्या बसल्या तो तक्ता मोठ्याने वाचायला लागले.

"काका, वाचू नका. नंबर काढायचा नाहीये."

आजोबा थांबले नाहीत. तिसऱ्या ओळीत 'म'ला 'भ' म्हणाले. डॉक्टरीणबाई काळ्या कापडातून बाहेर आल्या. पुन्हा वाचायला लावलं, एक डोळा झाकून वाचायला लावलं, आणि फोटो न काढताच त्यांना परत पाठवलं. "आधी चष्मा बदला. अंदाजाने बघणाऱ्या माणसाच्या कपाळाला आठ्या असतात. त्या आठ्या तुमच्या नाहीत, चष्म्याच्या आहेत." आजोबा तणतणत गेले आणि महिन्याभराने नवा चष्मा लावून आले. त्यांचा तो फोटो मी पाहिला आहे. खरोखरच आठ्या नव्हत्या.

आता कांदा.

तो कॅमेरा उजेडाचा भारी भुकेला. सगळा चेहरा नाकापासून कानापर्यंत स्पष्ट यायला हवा तर भिंगाचं छिद्र टाचणीने पाडल्यासारखं बारीक करावं लागतं. फिल्म मंद. जवळून काढायला भाता लांबवला की उजेड आणखी पातळ होतो. तेव्हा दिवे कोणते घ्यायचे, हा डॉक्टरीणबाईंचा मोठा प्रश्न होता, आणि तो त्यांनी मुलीचं स्थळ बघावं तसा महिनोन् महिने चालवला. परीक्षा घेण्यासाठी कांदा. लासलगावच्या बाजारातून निवडून आणलेला, लाल, सुकलेला.

"कांद्याची साल बघ. कागदासारखी पातळ, वर चकाकी, खाली शिरा, कडेला सुटलेली. म्हाताऱ्या माणसाची कातडी अशीच असते. जो दिवा कांद्याला न्याय देईल, तो माणसाला देईल."

कांद्याला स्टुलावर बसवायचं आणि एकेक दिवा लावून फोटो काढायचा. छत्रीतून, डब्यातून, भिंतीवर मारून, उघडा. 'सॉफ्ट लाइट' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "सॉफ्ट म्हणजे काय? इडली आहे का? सावली कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते सांग." एकदा माझं गिऱ्हाईक, विंचूरकडचे एक वाइनवाले, बाटलीचे फोटो बघायला आले. शेडच्या दुसऱ्या टोकाला एक कांदा दिव्यांच्या गराड्यात बसलेला पाहून त्यांनी आदराने विचारलं, "एक्स्पोर्टचा आहे का?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मॉडेल आहे."

दिवे विकणारा एक तरुण एलईडीचं मोठं पॅनल घेऊन आला. "मॅडम, आता सगळं एलईडी चालतं. सतत उजेड. डोळ्यांना दिसतं तेच फोटोत मिळतं." त्यांनी त्यालाच खुर्चीत बसवलं आणि पॅनल वाढवत वाढवत नेलं. त्याने दोन्ही डोळे बारीक केले, मग त्यातून पाणी यायला लागलं.

"तुमच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात," त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि माझ्या कॅमेऱ्याला अजून उजेड पुरलेला नाही. ऑपरेशनच्या टेबलावरचा चेहरा मी आयुष्यभर बघितला. आता नको."

म्हणून त्यांना स्ट्रोबच हवा होता, म्हणजे स्टुडिओतला मोठा फ्लॅश. एरवी त्यात एक मिणमिणता बल्ब जळत असतो. त्या मंद उजेडात माणूस निवांत बसतो, बाहुल्या मोठ्या होतात, नजर खोल होते. मग क्षणभर भर दुपारच्या उन्हाएवढा लखलखाट. "डोळ्याला कळायच्या आत काम झालेलं असतं," हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की शोध त्यांनीच लावलाय असं वाटावं. पण कोणत्या कंपनीचा, किती ताकदीचा, एक मोठा की दोन मध्यम, हे काही ठरत नव्हतं. दुकानदार फोन उचलेनासे झाले होते.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी एकदा त्यांना बोलायला बोलावलं. शहरातले, तालुक्यांतले सगळे जमले होते. ह्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही लोक नवरीला उजेडात बुचकळून बाहेर काढता. तिचं नाक कुठे गेलं, ते नंतर आई शोधत बसते." काहीजण हसले, बरेच दुखावले. त्यानंतर त्यांच्यात ह्यांचं नाव पडलं, कांदेवाली डॉक्टरीण. त्यांना ते कळलं. रागावल्या नाहीत. पुढच्या वेळी त्यातल्या एकाला फोन केला तेव्हा, "मी कांदेवाली बोलतेय," अशीच सुरुवात केली.

तो एक म्हणजे प्रवीण, नांदगावचा. लग्नाचे फोटो काढायचा, ड्रोन उडवायचा, गावात दुकान होतं. आषाढ संपत आला असताना एका दुपारी तो शेडमध्ये आला आणि बराच वेळ माझ्या बाटल्याच बघत उभा राहिला.

"बोल की रे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मॅडम, एक काम व्हतं. म्हणजे माझ्याच्यानं नाय झालं ते."

नांदगावला शाळेत एक बाई होत्या. पिढ्यान् पिढ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. प्रवीणही त्यातलाच. माजी विद्यार्थ्यांनी मिळून शाळेला वाचनालय बांधलं होतं आणि आत शिरताच समोर बाईंचा उभ्या माणसाएवढा फोटो लावायचं ठरवलं होतं. पण निवृत्तीनंतर बाईंची मान हलायला लागली होती. डावीकडून उजवीकडे, सारखी, 'नाही, नाही' म्हटल्यासारखी. झोपेतच काय ती थांबायची. तेव्हापासून बाईंनी फोटो काढून घेतला नव्हता. लग्नाकार्यात कॅमेरा दिसला की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या.

"मी गेलो कॅमेरा घेऊन," प्रवीण म्हणाला, "आणि तोंडातून निघून गेलं, बाई, मान जरा स्थिर ठेवा ना."

"मग?"

"बाई म्हणल्या, स्थिर ठेवता आली असती तर तुझी वाट बघत बसले असते का? चहा पाजला आन् लावलं वाटेला. आता कोणालाच उभं करीत नाहीत. पण तुमच्याकडं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं. तुमचं नाव काढलं तर म्हणल्या, डॉक्टरीणबाईंकडे मी येईन."

ॲप्रनच्या खिशात डॉक्टरीणबाईंचा हात हलत होता, कापडावरून दिसत होतं.

मला वाटलं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, माझ्या डिजिटल कॅमेऱ्याने हे काम एका बैठकीत होईल. धडाधड फोटो काढते, त्यातला एखादा तरी बरा निघेलच.

"निघेल," त्या म्हणाल्या, "पण ती तुझ्याकडून निवडून घेणं झालं. शंभर वाईट फोटोंतून वाचवलेला एक चांगला. बाईला ते कळेल, मास्तरीण आहे ती. मला तिला एकदा बसवायचंय, एकदा उजेड पाडायचाय आणि ती आहे तशी घ्यायचीय. आणि हे बघ, भिंतीएवढा फोटो हवाय त्यांना. पापणीचा केस न केस दिसायला हवा."

मान हलत असताना पापणीचा केस न केस. तोही त्या भात्याच्या कॅमेऱ्याने.

दुसऱ्या दिवसापासून कांदा दोऱ्याला टांगला गेला.

हे दृश्य मी कधी विसरणार नाही. छतापासून सुतळी, तिला कांदा, आणि डॉक्टरीणबाई डाव्या हाताने त्याला झोका देतायत. बाईंची मान जितकी हलते, प्रवीणने मोबाइलवर दाखवली होती, तितकाच झोका. मग माझ्याकडच्या सगळ्यांत दणकट स्ट्रोबला पूर्ण ताकद देऊन फोटो. फिल्म धुऊन आली. मला ती चांगली वाटली. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं आणि मान हलवली.

"शिरा फाकल्यात. पुसल्यासारख्या."

"पण फ्लॅश तर क्षणात विझतो," मी म्हटलं.

"नाही विझत. तेच तर. पूर्ण ताकदीचा दिवा पाहुण्यासारखा असतो. निघतो म्हणतो आणि दारात उभा राहून बोलत बसतो. त्याचं ते दारातलं बोलणं कांद्याला भोवतंय." त्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही पाय वर घेतले. विचार करताना त्या अशाच बसायच्या, स्वतःच पेशंट असल्यासारख्या. "ताकद कमी करून बघ."

आम्ही ताकद कमी केली. पाव केली, त्याहून कमी केली. आता कांदा झोक्यात असूनही अगदी गोठल्यासारखा आला. सालीवरची माती दिसत होती. पण सगळं अंधारात बुडालेलं, कारण उजेडच पुरेना. ताकद वाढवली की साल फाकायची, कमी केली की काळोख व्हायचा. बरेच दिवस ह्या दोहोंमध्ये आम्ही अडकून पडलो.

तोडगा सुचला त्यांनाच, आणि तोही माझ्या चहाच्या वेळी. सगळ्यांचे कप एकदम ट्रेमध्ये बघून त्या ओरडल्या, "अगं, एकाने कशाला जोर करायचा? पुष्कळांनी थोडा थोडा करू दे!"

एक दणकट दिवा नको. पुष्कळ दिवे, प्रत्येक अगदी कमी ताकदीवर. कमी ताकदीचा म्हणून प्रत्येक चटकन विझणार, आणि सगळे एकदम पेटले म्हणजे उजेड भरपूर. महिनोन् महिने आम्ही 'कोणता दिवा' विचारत होतो, आणि प्रश्न 'किती दिवे' असा होता. मी भराभर हिशोब केला. माझ्याकडचे आणि त्यांच्याकडचे मिळूनही निम्म्याला पुरत नव्हते.

प्रवीणला फोन लावला. तो पलीकडून हसला. "मॅडम, आता चातुर्मास लागलाय. लग्नं बंद. नाशिक जिल्ह्यातले सगळे फ्लॅश कपाटात झोपलेत."

"मग उठव त्यांना. कांदेवालीने बोलावलंय म्हणून सांग."

आणि ते आले. ज्यांना ह्यांनी भर सभेत बुचकळणारे म्हटलं होतं तेच आले. चांदवडहून, सिन्नरहून, विंचूरहून, मोटारसायकलला बॅगा बांधून, कोणी मुलाबाळांसकट कारमध्ये. प्रत्येकाने आपला दिवा स्वतःच्या हाताने स्टँडवर चढवला. दुसऱ्याला हात लावू दिला नाही. एका मंडपवाल्याने पांढरं कापड दिलं. बांबूंच्या चौकटीवर ते ताणून त्याच्यामागे सगळे दिवे रांगेने उभे केले, म्हणजे बसणाऱ्याला समोर एकच मोठी पांढरी खिडकी दिसणार. तारा जोडायची भानगडच नव्हती. कॅमेऱ्याच्या वायरने एक दिवा पेटायचा आणि त्याचा उजेड पडताच बाकीचे त्याच क्षणी पेटायचे.

पहिल्याच बारीला शेडची वीज गेली. सगळे दिवे एकदम चार्ज व्हायला लागले होते, त्या भाराने बटण पडलं. प्रवीणने बोर्ड उघडून पाहिला आणि त्याचा चेहरा फुलला. आमच्या आधी तिथे लेथ मशीनं चालायची, थ्री फेजची लाइन तशीच होती. त्याने दिवे तीन लाइनींवर वाटून टाकले. पुन्हा कांद्याला झोका, पुन्हा लखलखाट. ह्यावेळी वीज टिकली. कॉलेज रोडला जाऊन, फिल्म धुऊन डॉक्टरीणबाई अंधाऱ्या खोलीतून बाहेर आल्या त्या ओला कांदा, म्हणजे कांद्याची ओली फिल्म, दोन्ही हातांनी वर धरूनच. खिशात ठेवायचा हात त्या विसरल्या होत्या. सालीची एकेक शीर मोजता येत होती.

बाई आल्या त्या सकाळी पाऊस थांबला होता. प्रवीण त्यांना गाडीने घेऊन आला. कडक इस्त्रीची सुती साडी, पांढरे केस घट्ट बांधलेले, मान हलते आहे, पण चाल अशी, की शेडमधले सगळे दिवेवाले आपोआप भिंतीला लागून सरळ उभे राहिले. बाईंनी एकेकाला गाव विचारलं. प्रवीणजवळ येऊन म्हणाल्या, "आज तू काही बोलू नकोस."

"नाय बाई."

त्यांना खुर्चीत बसवलं. डॉक्टरीणबाई काळ्या कापडाखाली शिरल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बाईंनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मान थांबवायचा त्या आटोकाट प्रयत्न करत होत्या, आणि जितका जोर लावत होत्या तितकी ती जास्त हलत होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बाई, तुम्ही तिला धरून ठेवलंय."

"मग? फोटो काढायचाय ना?"

"हो. पण माझ्यासाठी नका धरू. मान हलू द्या. तिला जायचं तिथे जाऊ दे, यायचं तेव्हा येऊ दे. मी मधल्या जागी थांबलेय, ती माझ्यापुढून जाईलच."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हात दांड्यांवरून काढून मांडीवर ठेवले. खांदे खाली आले. मान हलत होती, पण आता त्या हलण्यात झुंज नव्हती. पाळणा आपल्या लयीत हलावा तशी ती हलत होती. डॉक्टरीणबाईंनी फिल्म बसवली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. बटण दाबायला त्यांच्याकडे एक रबरी फुगा होता, ब्लडप्रेशरच्या मशीनला असतो तसा, लांब नळीचा. तो दाबला की हवेने कॅमेरा चालतो. हात थरथरला तरी कॅमेऱ्याला धक्का नाही. फुगा उजव्या हातात धरून त्या बाईंच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या.

"बाई, प्रवीण वर्गात कसा होता?"

बाईंचे डोळे चमकले. "हा? हा खिडकीबाहेरच—"

लखलखाट झाला. पत्र्यावरची कबुतरं फडफडत उडाली. बाईंचं वाक्य अर्धंच राहिलं आणि मग सगळी शेड एकदम हसली.

आणखी एक फिल्म झाली. डॉक्टरीणबाई फिल्मचा होल्डर काढून घेत होत्या, तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमचाही हात हलतो वाटतं."

त्या दिवेवाल्यांपैकी कोणालाच हे माहीत नव्हतं.

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणून तर हॉस्पिटल सोडलं."

"माझे डोळे केलेत तेव्हा?"

"तेव्हा नव्हता. असता तर तुम्हाला हात लावला नसता."

"ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा आता तुम्ही. तो फुगा माझ्याकडे द्या."

"अहो, माझा कशाला..."

"बसा म्हणते ना."

डॉक्टरीणबाई बसल्या. इतकी वर्षं लोकांना बसवणारी ही बाई खुर्चीत कशी बसावी हेच विसरल्यासारखी अवघडून बसली. मी फोकस केला. हात खिशात होता. बाईंनी नुसतं त्या खिशाकडे पाहिलं, वर्गात एखाद्याने बाकाखाली काही लपवलं की बघावं तसं. डॉक्टरीणबाईंनी हात बाहेर काढला आणि गुडघ्यावर ठेवला. तो थरथरत होता. त्यांनी तो थरथरू दिला.

बाईंनी फुगा दाबला.

आधी कोणीतरी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. प्रवीण डोळे पुसत दिव्यांची बटणं बंद करत फिरत होता.

ही फिल्मही धुतली ती कॉलेज रोडच्या त्यांच्या जुन्या हॉस्पिटलमध्येच. डोळे तपासायची अंधारी खोली त्यांनी तशीच ठेवली होती. "दोन्ही धंद्यांत ही लागतेच," असं त्या म्हणायच्या. फिल्म वाळल्यावर त्यांनी ती पेशंटचे डोळे बघायच्या मशीनसमोर धरली, हनुवटी टेकवतात तिथे. बराच वेळ बघत राहिल्या. मग बाजूला सरकून मला जागा दिली. बाईंच्या डाव्या डोळ्याच्या पापण्या, एकेक केस वेगळा. बाहुली मोठी, काळी, आणि तिच्यात आमची ती पांढरी खिडकी, बांबूच्या चौकटीसकट. मी मान वर केली तर डॉक्टरीणबाई त्या अरुंद खोलीत दोन्ही हात वर करून उभ्या होत्या, शर्यत जिंकलेल्या पोरीसारख्या. मग त्यांनी प्रवीणला फोन लावला.

"पेशंट ठणठणीत," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला.

त्यांचा स्वतःचा फोटोही तितकाच छान उतरला होता. तो त्यांनी शेडच्या दारातच लावला. चेहऱ्याच्या आधी हात दिसतो. त्या दिवसानंतर त्या हात जोडून नमस्कार करायला लागल्या. दिव्यांचं एकदाचं ठरलं. एक अजस्र दिवा घेण्याचा बेत रद्द करून त्यांनी लहान स्ट्रोबची रांग घेतली, आणि निवड करायला ह्याच लग्नवाल्यांना बरोबर नेलं. आता मी पुण्याला असते. त्या अजून तिथेच आहेत, पूर्ण शेड घेऊन.

वाचनालयाच्या उद्घाटनाला आम्ही दोघी नांदगावला गेलो. दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर बाई होत्या, उभ्या माणसाएवढ्या, अर्धं वाक्य ओठांवर घेऊन. आत येणारा प्रत्येक जण दारात थबकत होता. टक्कल पडलेले, पोट सुटलेले बापे क्षणभर पोरं होत होते. मागून एकजण मोठ्याने म्हणाला, "अरे, अशाच बघायच्या बाई! गृहपाठ नाय केला की अशाच बघायच्या!" बाई स्वतः फोटोसमोर उभ्या राहिल्या. पुष्कळ वेळ पाहिलं. चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"पदराची पिन दिसते," त्या म्हणाल्या. आणि मग डॉक्टरीणबाईंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन सगळ्या हॉलकडे वळल्या. "ह्या माझ्या डॉक्टर. आधी मला जग दाखवलं. आता जगाला मी दाखवली."

टाळ्या थांबेनात.

चहाच्या वेळी गर्दी पांगली, तेव्हा शेवटच्या रांगेतून एक गृहस्थ उठून आमच्याकडे आले. पन्नाशीचे असतील. पूर्ण कार्यक्रमभर त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. सर्दी असेल, असं मला वाटलं होतं. डॉक्टरीणबाईंसमोर येऊन त्यांनी रुमाल खाली घेतला. लकव्याने चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळली होती.

"मुलीचं लग्न हाय दिवाळीनंतर," ते शब्द जपून उच्चारत म्हणाले, "मी फोटोत उभा राहणार नाय म्हणून सांगितलंय तिला. तर... माझा असा निघंल का?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.

"असाच निघेल," त्या म्हणाल्या, "मंगळवारी या. मुलीलाही घेऊन या. दोघांना एकत्रच बसवते."

त्या गृहस्थांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग चहाच्या टेबलाकडे गेले, कप उचलला, आणि भर हॉलमध्ये लोकांकडे तोंड करून उभे राहून चहा प्यायला लागले.